त्लाकेपाकेच्या कारागीर रस्त्यावर पहिल्यांदा जाताना

मेक्सिकोच्या पश्चिमेला हालिस्को नावाचं राज्य आहे आणि ग्वादालाहारा ही त्याची राजधानी. या शहराच्या आग्नेय अंगाला त्लाकेपाके आहे. एकेकाळी ते कुंभारांचं वेगळं गाव होतं. शहर पसरत पसरत आलं आणि गाव त्याच्या पोटात गेलं. आयटीच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून ग्वादालाहारात येणाऱ्या मराठी माणसाला ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारल्यावर पहिलं नाव हेच ऐकायला मिळतं. अमेरिकेतले आपले लोकही सुट्टीत इकडे वळतात. नवखा माणूस साधारण चारच्या सुमाराला पोहोचतो, पहिल्याच दुकानात रंगीत वाडगे घेतो, फोटो काढतो, जेवतो आणि परततो. मजा येतेच. पण ज्या हातकामासाठी इथला कारागीर रस्ता ओळखला जातो, ते बघायचं राहून जातं, आणि घेतलेला वाडगा पुष्कळदा या गावचा नसतोच.

माझं सांगणं एवढंच: इथे आधी बघायला जा, खरेदी शेवटी करा. पुढचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

आधी वार ठरवा

गुरुवार. दुसरा विचारच करू नका.

त्याचं कारण शेजारच्या तोनालात आहे. त्लाकेपाके म्हणजे दुकानं आणि दालनं, तोनाला म्हणजे कारखाने. दोन्ही गावं एकमेकांपासून गाडीने वीसेक मिनिटांवर. तोनालात गुरुवारी आणि रविवारी आठवडे बाजार भरतो, त्याला तिथे ‘तियांगिस’ म्हणतात. आवेनिदा तोनाल्तेकास या मोठ्या रस्त्यावर आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत कापडी छतांखाली मैलभर माल मांडलेला असतो. रविवारी तोनाला गाठता येतं, पण त्या दिवशी त्लाकेपाकेत अख्खं ग्वादालाहारा जेवायला उतरतं आणि बरीच चांगली दालनं लवकर बंद होतात. सोमवारी संग्रहालयं बंद असतात. गुरुवारी मात्र सकाळी तोनाला आणि दुपारनंतर त्लाकेपाके असा बेत नीट जमतो, दालनांतली माणसंही तुमच्याशी दोन शब्द बोलण्याइतकी मोकळी असतात.

महिन्याचं म्हणाल, तर जून ते सप्टेंबर पाऊस असतो. तो बहुतेक दुपारनंतर कोसळतो आणि तासाभरात ओसरतो. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक असतं. ग्वादालाहारा समुद्रसपाटीपासून सुमारे १५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री मात्र हवा सुसह्य होते. जूनच्या शेवटी, २९ तारखेला, गावाचं ग्रामदैवत असलेल्या संत पेद्रोचा सण येतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून ‘मृतांच्या दिवसा’ची आरास सुरू होते आणि झेंडूने रस्ता भगवा-पिवळा होऊन जातो. हे दिवस सुंदर असतात, पण वस्तू निवांत पाहायच्या असतील तर गर्दीत जाऊ नये, असं माझं मत.

कागदपत्रं आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, असा नियम चालत आला आहे. तिकीट काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. असे नियम बदलायला वेळ लागत नाही.

ग्वादालाहाराच्या मध्यवस्तीतून, कॅथेड्रलजवळून, मेट्रोची तिसरी मार्गिका थेट त्लाकेपाकेला जाते. ही मार्गिका २०२० मध्ये सुरू झाली. स्टेशनचं नाव ‘त्लाकेपाके सेन्त्रो’. तिथून कारागीर रस्ता दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. तोनालाला जायला अ‍ॅपवरून टॅक्सी करावी हे बरं. बस आहेत, पण परतताना हातात मातीची भांडी असतील हे लक्षात घ्या.

पैशांची तयारी

इथे नवखे लोक हमखास गोंधळतात. मेक्सिकोत पेसोचं चिन्हही डॉलरचंच आहे, तीच उभी रेघ मारलेली एस. बशीखाली ३५० लिहिलेलं आणि पुढे ते चिन्ह दिसलं की छातीत धस्स होतं. ते पेसो असतात. काही ठिकाणी आकड्यापुढे ‘एम.एन.’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ राष्ट्रीय चलन. डॉलरमध्ये भाव असेल तर तसं स्पष्ट लिहितात. एक पेसो साधारण पाच रुपयांच्या आसपास धरून डोक्यात हिशोब करत राहा.

दालनांत कार्ड चालतं. तियांगिसमध्ये रोख लागते, तीही सुटी. सकाळी नऊ-दहाला पाचशेची नोट पुढे केली, तर बाई आधी तुमच्याकडे, मग शेजारच्या दुकानदाराकडे बघते. एटीएममधून पैसे काढताना यंत्र विचारतं की तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का. तिथे नकार द्यायचा, कारण त्या रूपांतराचा भाव तुमच्या बँकेपेक्षा जवळपास नेहमीच वाईट असतो. दहा-वीस पेसोंची नाणी खिशात असू द्या. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात पैसे द्यावे लागतात आणि तिथे कार्ड काढून उपयोग नाही.

पहिलं पाऊल: संग्रहालय

काये इंदेपेंदेन्सिया हा मुख्य रस्ता, म्हणजेच आपला कारागीर रस्ता. गाड्यांना बंदी, फरशी घातलेली, दोन्ही बाजूंना जाड भिंतींचे, मधे चौक असलेले वाडे. एकोणिसाव्या शतकात ग्वादालाहारातल्या श्रीमंतांनी उन्हाळ्यात राहायला बांधलेली ही घरं. आता त्यांत दालनं आणि उपाहारगृहं आहेत. १३ जून १८२१ रोजी या प्रांताने स्पेनपासून स्वातंत्र्याची घोषणा केली ती याच गावात, आणि रस्त्याचं नाव त्यावरूनच पडलं.

याच रस्त्यावर प्रादेशिक मातीकाम संग्रहालय आहे. छोटं आहे, तासाभरात होतं. आतलं जुनं स्वयंपाकघर बघायला विसरू नका. भिंतीवर टांगलेली भांडी, चुलीचा ओटा, रांगेने मांडलेली मडकी. वस्तू वापरात कशी दिसायची ते तिथे कळतं, आणि मग दुकानातली तीच वस्तू वेगळी दिसायला लागते.

जरा पलीकडे, एल रेफुहियो या जुन्या रुग्णालयाच्या वास्तूत, पान्तालेओन पान्दुरो संग्रहालय आहे. मेक्सिकोत १९७७ पासून मातीकामाची राष्ट्रीय स्पर्धा इथे त्लाकेपाकेत होते आणि बक्षीसपात्र कामं या संग्रहालयात ठेवतात. ज्याचं नाव दिलं आहे तो पान्दुरो एकोणिसाव्या शतकातला इथलाच कारागीर. समोर बसलेल्या माणसाचा हुबेहूब चेहरा मातीत उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. राष्ट्राध्यक्ष पोर्फिरियो दियास यांचाही अर्धपुतळा त्याने घडवला होता. त्याच परंपरेतून बोटाएवढ्या माणसांच्या मूर्ती आल्या: भाकरी थापणारी बाई, पाणक्या, फुलवाला, गाढवावर लाकडं लादलेला म्हातारा. नाताळात येशूजन्माच्या देखाव्यात त्या मांडतात. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडतात त्याच हौसेने इथली मुलं त्या निवडतात. घेण्यासारखी, हलकी आणि अस्सल इथली अशी वस्तू हवी असेल, तर या मूर्तींना तोड नाही. मात्र चेहरा जवळून पाहा. साच्यातून काढलेल्या मूर्तीच्या दोन्ही कुशींना जोडाची रेघ असते आणि सगळ्या बायका एकाच बाजूला मान वळवून उभ्या असतात. हाताने केलेल्या रांगेत एकीची मान वाकडी असते, दुसरीची टोपली कलती.

दुसरं पाऊल: माती ओळखायला शिका

इथे वेळ द्या. तोनालाची माती एकसारखी नाही आणि विक्रेता विचारल्याशिवाय सांगत नाही.

पहिला प्रकार ब्रुन्यीदो, म्हणजे घोटलेली माती. राखाडी, फिकट निळा, गुलाबी, तपकिरी असे मंद रंग आणि त्यांवर हरणं, पक्षी, फुलं. मधेच एक गालातल्या गालात हसणारा, माणसासारखा चेहरा असलेला बोका दिसेल. त्याला ‘नाउआल’ म्हणतात, रूप बदलणाऱ्या मांत्रिकाचं ते चित्र. या भांड्यांना काचेची झिलई नसते. त्यांची चकाकी रंगवल्यानंतर दगडाने तासन् तास घोटून आणलेली असते. बोट फिरवा, साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत लागेल. ही भांडी कमी तापमानाला भाजलेली आणि सच्छिद्र असतात, म्हणून ती नुसती ठेवण्यासाठी. पाणी भरून फुलं ठेवली, तर खालचं टेबल ओलं होईल आणि रंगही जाईल.

दुसरा कानेलो, दालचिनीच्या रंगाचा. यात पाण्याचे माठ आणि सुरया येतात. पाणी झिरपतं, वाऱ्याने गार होतं आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. सतराव्या शतकात या भागातली सुवासिक मातीची भांडी जहाजाने स्पेनला जात. तिथल्या खानदानी बायका त्यातलं पाणी पीत आणि मग भांड्याचे तुकडे चक्क चावून खात, अशी नोंद आहे. पहिल्या पावसात मातीच्या वासाने वेड लागणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

तिसरा पेतातियो. पिवळसर पार्श्वभूमीवर केसासारख्या बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि तिच्यात प्राणी, फुलं. चटईच्या विणीसारखी दिसते म्हणून हे नाव. प्रत्येक रेघ कुंचल्याने ओढलेली असते. मोठ्या थाळीला आठवडे लागतात आणि किंमतही तशीच असते. छापील नक्कल ओळखायला सोपी: डोळ्याजवळ धरा. हाताच्या रेघेची जाडी सुरुवातीला आणि शेवटी वेगळी असते, आणि जिथे पानाची कड येते तिथे ती किंचित थबकलेली दिसते.

याशिवाय उच्च तापमानाला भाजलेलं टणक मातीकाम मिळतं. होर्हे विल्मोत या कलावंताने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोनालात ते रुजवलं. जुन्या नक्षीचा बाज ठेवून त्याने रोज वापरता येतील अशी भांडी घडवली. जेवणाच्या टेबलासाठी घ्यायचं असेल तर याच रांगेत उभं राहा. का, ते पुढच्या मुद्द्यात.

आणि दुकानाच्या दर्शनी भागात जे निळं-पिवळं, गजबजलेल्या नक्षीचं सामान ‘तालावेरा’ म्हणून विकतात, ते या गावचं नाही. तालावेरा हे नाव पुएब्ला आणि त्लाक्सकाला या राज्यांतल्या ठरावीक भागातल्या मालालाच लावता येतं. आपल्या पैठणीला आहे तसं त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीतही ते कसब आलं. इथे त्या नावाखाली मिळणारं बरंचसं त्या धर्तीचं असतं. आवडलं तर जरूर घ्या, पण पुएब्लाचा भाव देऊ नका.

तिसरं पाऊल: शिसं

हा मुद्दा वगळून पुढे जाऊ नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

पारंपरिक लाकडाच्या भट्टीत तापमान फार वर जात नाही. एवढ्या कमी उष्णतेत झिलई वितळावी म्हणून कारागीर पिढ्यान् पिढ्या ‘ग्रेता’ वापरत आले, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. त्याने भांडं आरशासारखं चमकतं. पण झिलई पुरेशी भाजली गेली नसेल, तर आंबट पदार्थ त्यातलं शिसं ओढून घेतात. आता आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. चिंचगुळाची आमटी, आमसुलाचं सार, कढी, लिंबाचं लोणचं, टोमॅटोचं सार. शिसं ओढून घ्यायला याहून सोयीचा स्वयंपाक सापडणार नाही. शिसं शरीरात साठतं, आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

मेक्सिकोत यावर सरकारी निकष आहेत, आणि शिशाशिवाय झिलई करणारे कारागीर आता पुष्कळ आहेत. दुकानात ‘सिन प्लोमो’ किंवा ‘लिब्रे दे प्लोमो’ अशी पाटी दिसते, दोन्हीचा अर्थ शिसं नाही. पाटी नसेल तर विचारा: ‘तिएने प्लोमो?’ प्रामाणिक माणूस ‘एस सोलो देकोरातिवो’ म्हणून सांगतो, म्हणजे फक्त शोभेचं. ‘आल्ता तेम्पेरातूरा’ असं उत्तर आलं तर ते भांडं उच्च तापमानाचं. उत्तर देताना माणूस घुटमळला, तर ते भांडं भिंतीवर लावण्यासाठी घ्या आणि ताटात वाढू नका. नुसत्या डोळ्याने शिसं ओळखता येतं असं कोणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका.

चौथं पाऊल: बाकीचा माल

फुंकून केलेली काच ही या भागाची दुसरी ओळख. जाड पेले, काठाला निळी कड, आत अडकलेले हवेचे बुडबुडे. पुष्कळदा जुन्या बाटल्यांची काच वितळवून केलेली असते. पेला उलटा करा. तळाला मध्यभागी खरखरीत वण असेल, तर तो लोखंडी सळईवरून तोडल्याचा, म्हणजे हाताने फुंकलेला. सहा पेल्यांच्या संचात सहाही अगदी सारखे भरले तर शंका घ्या. उकळता चहा मात्र यात ओतू नका.

मण्यांचं काम हालिस्को-नायारितच्या डोंगरात राहणाऱ्या विर्रारिका समाजाचं. बाहेरचे त्यांना हुइचोल म्हणतात. लाकडी हरीण किंवा भोपळ्याचं कवच घेतात, त्यावर मेणाचा थर देतात आणि सुईच्या टोकाने एकेक मणी त्यात दाबून बसवतात. हरीण, मका आणि पेयोते निवडुंग ही तीन चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतील. ती त्यांच्या पूजेतली आहेत, नुसती सजावट नाही. नकली मालात मणी डिंकाने चिकटवलेले असतात आणि ओळी वाकड्या जातात. खऱ्या कामात मण्यांची भोकं वर असतात आणि रांगेतून बोट फिरवलं तर एकही मणी वर आलेला लागत नाही. हे काम उन्हात ठेवू नये, मेण मऊ होतं. गाडीच्या डिकीतही नको. पारंपरिक वेशात बसलेल्या विक्रेत्याचा फोटो काढण्याआधी विचारा. ‘पुएदो तोमार उना फोतो?’ एवढंच म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर कॅमेरा खाली.

चांदी घ्यायची तर ‘९२५’ हा शिक्का हवा. ‘आल्पाका’ म्हणून जे विकतात त्यात चांदी नावालाही नसते, ती आपली जर्मन सिल्व्हर. एकिपाल नावाच्या वेताच्या दिसणाऱ्या गोल खुर्च्या सुरेख असतात, पण त्यांच्या बैठकीचं चामडं बहुधा डुकराचं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. रंगीबेरंगी लाकडी राक्षसप्राणी इथले नाहीत, ओआहाका राज्यातले. भरतकाम केलेल्या टेबलक्लॉथवर मोठे एकरंगी प्राणी असतील, तर ते बहुधा इदाल्गो राज्यातल्या तेनांगोचं, किंवा त्याची नक्कल. कापड उलटं करून पाहा. हाताच्या टाक्यात मागे धागा तुटक दिसतो, यंत्राच्या कामात मागेही तितकीच सफाई असते.

भाव कसा करायचा

दुकानात शिरताना ‘बुएनास तार्देस’ म्हणा. सकाळ असेल तर ‘बुएनोस दीआस’. हे न करता सरळ वस्तूला हात घालणारा माणूस इथे उद्धट ठरतो, आणि मग भाव कमी होण्याची गोष्ट सोडाच. बाहेर पडताना काहीच घेतलं नसेल तर ‘ग्रासियास’ पुरे. वयस्कर बाईला ‘सेन्योरा’ म्हणा.

दालनात किंमत लिहिलेली असते, तिथे घासाघीस करायची पद्धत नाही. तियांगिसमध्ये आहे, पण आपल्या पद्धतीची नाही. शंभर सांगितले की चाळीस म्हणायचे, पाठ फिरवायची आणि तो हाक मारेल म्हणून थांबायचं, हे नाटक इथे चालत नाही. तो हाक मारत नाही. त्याऐवजी दोन-तीन नग निवडून ‘एस लो मेनोस?’ विचारा, म्हणजे यात शेवटचं किती. दहा-पंधरा टक्के सुटले तर समाधान माना. ‘मायोरेओ’ अशी पाटी असेल, तर तो घाऊक भाव. त्यासाठी किती नग घ्यावे लागतील ते आधी विचारून घ्या, पुष्कळ ठिकाणी सहाच पुरतात आणि ते एकाच प्रकारचे असण्याची सक्ती नसते.

ज्याच्या हातांना माती लागलेली आहे, अशा माणसाशी मात्र भाव करू नये असं मला वाटतं. पेतातियोची एक थाळी बघून झाल्यावर तसंही तोंड उघडत नाही.

पैसे देण्याआधी भांडं टिचकी मारून ऐका. नीट भाजलेलं, अखंड भांडं टणत्कार देतं. बारीक तडा असेल तर आवाज बद्द येतो. काठावरून नख फिरवा आणि झाकण असेल तर चारी बाजूंनी फिरवून बसवून बघा.

पोटोबा

दुपारी चौकात, हार्दिन इदाल्गोपाशी, या. शेजारी एल पारियान आहे: १८७८ मध्ये बांधलेली, चारी बाजूंनी कमानी असलेली जुनी बाजाराची इमारत. आता तिच्या आतल्या चौकाभोवती खाण्यापिण्याची दुकानं आहेत. मधल्या मंडपात मारियाची, म्हणजे लोकसंगीताचे ताफे, गातात. या संगीताला २०११ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली आणि त्याचं माहेर हालिस्कोच. टेबलाशी येऊन गाणाऱ्यांना गाण्यामागे पैसे द्यायचे असतात, म्हणून ‘एक गाणं किती?’ हे व्हायोलिन खांद्याला लागण्यापूर्वी विचारा. मातीच्या पसरट वाडग्यात येणारी ‘कासुएला’ म्हणजे तेकिला, लिंबू, संत्रं, पपनस आणि सोडा. ती घेणार असाल तर मौल्यवान खरेदी आधी गाडीत ठेवा.

जेवण पारियानमध्ये ठीकठाक आहे, पण भाव जागेचा आहे. खाण्यासाठी मी बाहेरच्या गाड्या सुचवेन. इथली ख्याती तोर्ता आओगादाची, खारट कडक पावात डुकराचं मांस आणि वर झणझणीत मिरचीचा रस्सा. शाकाहारी माणसाने थोडं सावध राहावं. घोटलेल्या घेवड्यात, म्हणजे फ्रिहोलेसमध्ये, डुकराची चरबी असू शकते आणि भाताला कोंबडीचा रस्सा. ‘सिन कार्ने’ एवढं पुरत नाही, ‘सिन मान्तेका’ असंही सांगावं लागतं. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे वाडग्यातले मक्याचे दाणे, पण त्यावरचा मेयोनेज नको असेल तर आधी सांगा. तिखट-मीठ-लिंबू लावलेली फळं आहेत आणि लाकडी पिंपात फिरवलेला बर्फाचा ‘न्येवे’. हेरिकाया हा इथला वरून करपवलेला गोड पदार्थ, त्यात अंडं असतं.

तेहुइनो मात्र चुकवू नका. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून थोडं आंबवतात, त्यात लिंबू, भरपूर मीठ आणि वर लिंबाच्या बर्फाचा गोळा. पहिला घोट विचित्र लागतो. दुसऱ्यापर्यंत थांबा.

शेवटचं पाऊल: बांधाबांध

तोनालात माल बांधून परदेशी पाठवणारी दुकानं आहेत. मोठं झुंबर, टेबल, डझनावारी थाळ्या घेतल्या तरच त्यांच्याकडे जा. दोन वाडग्यांसाठी नाकापेक्षा मोती जड होतो. पाठवायचंच असेल, तर माल खोक्यात जाण्यापूर्वी प्रत्येक नगाचा फोटो काढा आणि फुटलं तर भरपाई काय, हे लेखी घ्या.

स्वतः नेणार असाल, तर दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, पण तेवढ्यावर भागत नाही. वाडग्याच्या पोटात मोजे भरा, कान आणि दांडे वेगळे गुंडाळा, थाळ्या आडव्या न ठेवता पुस्तकांसारख्या उभ्या लावा. पेंढा घालून बांधलेलं पार्सल नको म्हणा. वनस्पतीजन्य पॅकिंगवर विमानतळावर आक्षेप येऊ शकतो, भारतातही आणि अमेरिकेतही. जे फुटल्यावर जिवाला लागेल, ते हातातल्या बॅगेत घ्या. पेतातियो आणि मण्यांचं काम तर नक्कीच. तेकिलाची बाटली मात्र सामानातल्या बॅगेत.

प्रत्येक खरेदीची ‘नोता’, म्हणजे पावती, मागून घ्या. सीमाशुल्क विभागात किंमत दाखवायला ती लागते. ‘जुनी’ मूर्ती किंवा ‘जमिनीत सापडलेलं’ भांडं कोणी हळूच पुढे केलं, तर हात लावू नका. १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. ती वस्तू बहुधा मागच्या महिन्यात भट्टीतून निघालेली असते, पण ते विमानतळावर सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. पुरातन घाटाची नवी प्रतिकृती खरोखरच आवडली असेल, तर पावतीवर ‘रेप्लिका’ असं लिहून घ्या आणि पावती वस्तूबरोबरच ठेवा.